सुधीरच्या ग्लासातली थंडाई

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, अन् सुधीरले तर नाहीच.

नांदुऱ्यात माह्या खोलीवर आम्ही पोरं एक पिक्चर पाहायचो. विलायती, पार येडा पिक्चर. नशेत असलेल्या माणसाशी त्याचा फ्रिज भांडते, कोर्टात बकरी जज असते, अन् कोणी कोणाले काऊन म्हणून विचारतच नाही. आमच्या घरी तर पायात चप्पल घातली का विचारपूस सुरू. म्हणून आम्हाले तो एवढा गोड लागे. अन् भांग घेतल्याबिगर हा पिक्चर समजतच नाही, असं मीच सगळ्याइले सांगत फिरायचो.

सुधीर, माह्या मावशीचा पोरगा, कशालेच शिवत नव्हता. आम्ही लोळून हसायचो, हा म्हणायचा, यात हसण्यासारखं काय हाये बे? मले लय राग यायचा. काऊन यावा? पिक्चर काय मी काढला होता?

महाशिवरात्रीले दुपारी तो खोलीवर आला. कडक उपास — पोटात पाण्याबिगर काही नाही. मी त्याले ग्लास दिला. साधी थंडाई हाये म्हनलं. साधी नव्हती. उपाशीपोटी भांग कशी चढते हे आमच्याकडं लेकरालेही ठाऊक असते — मले नव्हतं का?

पिक्चर लावला. तो हसला. मी खुश. मग त्याचं हसू थांबेना, मग रडायले लागला — हे हात माहे नाहीत म्हणे. माही तर फाटलीच. मी आधी ग्लास धुतला, अन् मग मावशीले फोन लावला. आधी ग्लास.

यानं काही घेतलं का, दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं. मी बाजूलेच उभा होतो — नाही म्हनलं.

मग मावशीनं बाहेरची बाधा म्हणून मांत्रिक पाहिला, मग डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या महिन्यात सुधीरचं साक्षगंध होतं. ते त्यानं स्वतःच मोडलं. माह्या डोक्याचा भरवसा नाही, त्या पोरीचं वाटोळं काऊन करू, म्हणे. मी तिथंच बसलो होतो, मावशीच्या बाजूले. एक वाक्य बोललो असतो तर — बोललो नाही. भेकड होतो. अजूनही हाये.

लग्न त्यानं केलंच नाही. परवा माह्या दुकानात आला, चहा घेतला, अन् खांद्यावर हात ठेवून म्हणे, "त्या दिवशी तू जवळ होता म्हणून वाचलो बे."

मी मान डोलावून "हाव" म्हनलं.