पानिपतच्या शाली

दिल्लीतल्या मराठी माणसाला लोकसंगीत ऐकवायचे असेल तर तिकीट लावू नये, हे वृंदा टिपणीस यांना ‘ओसरी’ या आपल्या संस्थेच्या दुसऱ्याच कार्यक्रमात कळून चुकले. तिकीट शंभर रुपयांचे होते. अकरा माणसे आली. त्यांतल्या नऊ जणांनी दारातच पासची चौकशी केली. एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याने आपण आजीव सभासद असल्याचे सांगितले. कशाचे, ते मात्र त्यालाही आठवेना. बाहेर थालीपिठाचे टेबल होते आणि तिथे हीच मंडळी शंभराच्या तीन-तीन नोटा मोडून, बोटे चाटत, ‘आपली संस्कृती जपली पाहिजे’ असे एकमेकांना बजावत होती.

वृंदाताई त्या वेळी एका केंद्रीय संस्थेच्या ग्रंथालयात सूचीकार होत्या. तेवीस वर्षे दुसऱ्यांच्या पुस्तकांना सूची जोडून जोडून त्यांच्या नजरेला एक खोड जडली होती: समोरचा माणूस बोलू लागला की दोन वाक्यांत त्याला कोणत्या नोंदीखाली टाकायचे ते ठरून जाई. द्वारकेच्या सोसायट्यांत आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात रविवारी पुरणपोळीच्या रांगेत भेटणाऱ्या भद्र मराठी समाजाची त्यांनी अशीच मनातल्या मनात सूची केली आणि तिचे सार एका वाक्यात काढले. ही माणसे ऐकण्यासाठी पैसे देणार नाहीत, दिसण्यासाठी देतील.

म्हणून ‘ओसरी’त सत्कार सुरू झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, द्वारकेतल्या एका सोसायटीच्या तळघरातल्या सभागृहात, पोवाडा असो, भारूड असो की किंगरीवरचे गाणे असो, आधी पाच माणसांच्या खांद्यांवर पाच शाली चढत. निमंत्रणपत्रिकेत या पाचांना ‘लोककलेचे आश्रयदाते’ म्हणत. आश्रय किती दिला होता ते वृंदाताईंना ठाऊक असे. आश्रयदात्यांच्या भाषणांतून मात्र तो दर वर्षी वाढत जाई.

शाली आणायला त्या दर हिवाळ्यात सुभेदार मारुतरावांना घेऊन पानिपतला जात. मारुतराव फौजेतून निवृत्त होऊन दिल्लीच्या लष्करी छावणीजवळच राहिले होते. सतरंज्या अंथरणे, कलावंतांना स्टेशनवरून आणणे आणि छावणीतल्या मराठी जवानांची कुटुंबे गाडीत भरून कार्यक्रमाला आणणे ही कामे ते न सांगता करीत. परदेशातून उतरलेले जुने कपडे पानिपतात पिंजले जातात आणि त्यांच्या पुन्हा कातलेल्या सुतातून स्वस्त शाली निघतात. वृंदाताई त्याच डझनावारी घेत. कुणा अनोळखी गोऱ्या माणसाने टाकून दिलेला स्वेटर अशा रीतीने निवृत्त सहसचिव आणि ‘ओसरी’चे अध्यक्ष अंशुमन खासनीस यांच्या खांद्यावर विसावे, आणि खासनीस तो कुरवाळत म्हणत, “पश्मिना दिसतेय.” एका डॉक्टरांनी मिळालेली शाल ‘संस्थेला भेट’ म्हणून परत केली होती, दोन वर्षांनी तीच, टोकावरच्या हळदीच्या डागासकट, त्यांना पुन्हा घातली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.

या व्यवहारात वृंदाताईंनी स्वतःसाठी एकच नियम राखला होता. सत्कार कलावंत बसण्यापूर्वी व्हायचे. वाद्य लागले की मंचावर कुणीही चढायचे नाही. विधी आणि रंगमंच यांवर त्यांनी बावीस पानांचा एक लेख लिहिला होता. कलावंत आणि यजमान यांच्या नात्यातून उपटून मंचावर मांडलेला विधी हे शव असते, असे त्यात सप्रमाण सिद्ध केले होते. लेख सात जणांनी वाचला असावा, असा त्यांचा उदार अंदाज होता. नियम त्या लेखातून आला होता आणि अकरा वर्षे तो मोडला नव्हता.

या वर्षी सोसायटीने सभागृहाचे भाडे दुप्पट केले. दोन जुने आश्रयदाते पुण्याला मुलांकडे निघून गेले. मोठा हात पुढे आला नाही तर मार्चचा कार्यक्रम शेवटचा, हे वृंदाताईंनी मारुतरावांना सांगितले. ते सतरंज्या झटकत राहिले. अशा वेळी खासनिसांनी विश्वजित रणनवरे यांना शोधून काढले. गुरुग्राममध्ये त्यांची सुरक्षारक्षक पुरवणारी कंपनी होती. वर्षभराचे भाडे आणि कलावंतांचा रेल्वेखर्च उचलायला ते तयार होते.

“ताई, मला प्रसिद्धी बिल्कुल नको,” ते फोनवर म्हणाले. “फक्त शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पाच मिनिटं बोलायला. लोककला म्हणजे आपली रूट्स आहेत यार.”

“सव्वापाचला तुमचा सत्कार. साडेपाचला गोंधळ सुरू होईल. त्यानंतर मंच बंद.”

“चलो, डन.”

जानेवारीतल्या त्या रविवारी बार्शीकडचे गोंधळी खंडेराव दोन साथीदारांसह आले होते. त्यांनी पाटावर धान्याचा चौक मांडला, कलश ठेवला, संबळ आवळला. सोसायटीच्या चिटणिसांनी आगीच्या भयाने वाळूची बादली आणून चौकाला खेटून ठेवली. खंडेरावांनी तिलाही हळद-कुंकू वाहिले. साडेपाच वाजले. रणनवरे महिपालपूरला वाहतुकीत अडकले होते. पावणेसहालाही ते महिपालपूरलाच होते.

“ताई, चौक मांडून झालाय,” खंडेराव म्हणाले. “देवीला किती वेळ दारात उभं करायचं?”

“पेटवा,” वृंदाताई म्हणाल्या.

दिवटी पेटली. देवीचा गोंधळ मांडताना गावोगावच्या देवतांना नावाने हाक मारून बोलावतात; एकदा ती बोलावणी सुरू झाली की आरतीपर्यंत दिवटी खाली ठेवत नाहीत, विझू देत नाहीत. मागे सतरंजीवर बसलेल्या छावणीतल्या बायकांना हे माहीत होते. त्यांनी पदर सावरले. पुढच्या खुर्च्यांवरच्या मंडळींनी मोबाइल सावरले.

सहा वाजून दहा मिनिटांनी रणनवरे आले. सोबत चार माणसे, एक छायाचित्रकार आणि स्वतःच विकत आणलेला झेंडूचा हार. पुढच्या दोन रांगांनी देवीकडे पाठ करून त्यांच्याकडे तोंड केले. खासनीस लगबगीने वृंदाताईंच्या कानाशी आले.

“वृंदाताई, दहा मिनिटांचा ब्रेक घेऊ या. गोंधळ कुठे पळून जातोय?”

“आरतीपर्यंत दिवटी विझवत नाहीत.”

“विझवून परत पेटवा की. लायटर आहे माझ्याकडे.”

वृंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिले. या माणसाने चार मंत्रालये चालवली होती आणि देश तरीही शाबूत होता, याचे त्यांना क्षणभर नवल वाटले.

तोवर रणनवरेही जवळ आले. “ताई, मला साडेसहाला निघायचंय. आज जमत नसेल तर राहू द्या मग. वर्षभराची कमिटमेंट आहे, अच्छा वाटलं पाहिजे ना माणसाला.”

तबक वृंदाताईंच्याच हातात होते. त्यात शाल, नारळ आणि त्यांनी स्वतः लिहिलेले, एकही वाक्य खरे नसलेले मानपत्र होते. एका बाजूला अकरा वर्षांचा नियम होता, दुसऱ्या बाजूला पुढचे बारा कार्यक्रम. त्यांनी मंचाच्या पायरीवर पाऊल ठेवले. कशासाठी ठेवले, याचे उत्तर त्यांनी पुढे मारुतरावांनाही दिले नाही.

त्यांनी दुसरे पाऊल उचलण्याआधी खंडेरावांचा आवाज आला. संबळाचा ठेका तसाच चालू होता.

“आमचे यजमान आले वाटतं. या धनी. देवीच्या दिवटीला तेल घाला. पायताण तिकडं काढा.”

रणनवरे गोंधळले, मग हसले, मग बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. त्याला बराच वेळ लागला. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ते मंचावर चढले. खंडेरावांनी दिवटी हवी त्याहून वीतभर खाली धरली होती, त्यामुळे बुधलीतले तेल घालताना त्यांचे कपाळ गोंधळ्याच्या गुडघ्याशी आले. खंडेरावांनी कपाळाला कुंकू लावले, अर्ध्या ओळीत कुळाचे कल्याण चिंतले आणि मान उचलून विचारले, “आणखी कोण?”

मागे मारुतराव उठले. त्यांच्यामागे छावणीतल्या बायका, एकीमागून एक. पाच मिनिटांच्या भाषणासाठी रणनवऱ्यांनी तोंड उघडले होते, पण माइक गाणाऱ्यापाशी होता आणि मागे रांग लागली होती. सुभेदारांनी त्यांना खांद्याला धरून अदबीने बाजूला केले. वृंदाताईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. रणनवरे मंचावर होते ते सगळे मिळून आठ सेकंद.

ते चिडतील, अशी वृंदाताईंची खात्री होती. एवढ्या वर्षांत मूर्खपणाची खोली मोजण्यात त्या प्रथमच चुकल्या.

“ताई, काय फोटो आलाय,” निघताना रणनवरे मोबाइल पुढे करत म्हणाले. “शाल-बिल सोडा, यार. पुढच्या महिन्यात पण ही मशाल ठेवा. माझे दोन पार्टनर आहेत, तेही घालतील तेल. चेक उद्या पाठवतो.”

पुढच्या महिन्यात जात्यावरच्या ओव्या होत्या.

आरती झाल्यावर खंडेराव कवड्यांची माळ उतरवून चहा पीत बसले. वृंदाताई शेजारी टेकल्या.

“दिवटी तुम्ही जरा खालीच धरली होती.”

“धरावी लागती. यजमानाची पाठ किती ताठ ते बघायचं न् उंची ठरवायची. आमच्या आज्यानं शिकवलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. वृंदाताईंना वाटले, आपला तिरस्कार अजून कच्चा आहे. हा पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेला.

“फेब्रुवारीत मला एक दिवटी लागेल.”

“ओव्यांना दिवटी?”

“देणगीदारांना.”

खंडेरावांनी बशी खाली ठेवली. “माझी मिळायची नाही. देवीबिगर दिवटी म्हंजे पलिता. पलिता कुणीबी पेटवावा. फकस्त कुंकू लावू नका त्यांना, ताई. तेवढं आमचं राहू द्या.”

वृंदाताईंनी नजफगढच्या एका पत्रे ठोकणाऱ्याकडून दिवटी करवून घेतली. दिसायला ती हुबेहूब होती, आणि बावीस पानांत त्यांनी ज्याला शव म्हटले होते ते नेमके हेच होते. फेब्रुवारीत पाच आश्रयदाते अनवाणी रांगेत उभे राहिले. ओव्या म्हणणारी बाई अजून आतच होती. नियम तेवढा शिल्लक होता. पाचही जण वाकले, तेल घातले, उतरले. पाऊण मिनिट.

“मग आता दोन शब्द?” खासनिसांनी विचारले.

“तेल घालणाऱ्याने बोलायचं नसतं. शास्त्र आहे.”

“अच्छा? कुठे आलंय?”

“माझ्या लेखात. पान चौदा.”

खासनिसांनी आदराने मान हलवली. वाचण्याचा धोका त्यांच्याकडून कधीच नव्हता.

पाच वाजून दहा मिनिटांनी बाई जात्याशी बसली. यापूर्वी एवढ्या लवकर कुणीही बसले नव्हते. उरलेल्या पानिपतच्या शाली मारुतरावांनी गार फरशीवर दुपदरी अंथरल्या होत्या, आणि छावणीतल्या बायका त्यांवर मांडी घालून ऐकत होत्या. मंचाच्या पायरीशी मात्र रणनवरे अजून उभे होते. कुंकवासाठी कपाळ पुढे करून ते थांबले होते.

वृंदाताईंनी त्यांना त्यांचे बूट दाखवले.