काचेच्या पेटीतलं बाळ

शाडूच्या मातीचा वास आला की नव्वदच्या दशकातला नेरूळच्या शाळेतला तिसरीचा वर्ग आठवतो. बाईंनी मातीचा छोटा रांजण करून दाखवला आणि सांगितलं, फार पूर्वी लोक मेलेल्या माणसाला अशा रांजणात ठेवून पुरायचे, सोबत मणी ठेवायचे. "आता आपण जाळतो ना, बाई?" मी विचारलं. "मोठ्यांना जाळतात, तान्ह्या बाळांना पुरतात." माझा नुकताच जन्मलेला भाऊ दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, असं घरचे सांगत होते. घरी येऊन मी आईला विचारलं, "आपल्या बाळाला पुरलं का?" ती गॅस बंद करून आतल्या खोलीत गेली. बाबा चिडून म्हणाले, "या बाईंना नको ते शिकवायला कोणी सांगितलं?" आता मलाही मुलगी आहे, आई-बाबांचं दुःख कळतं. पण बाळ गेलेलं असतानाही रोज कामावरून आल्यावर बाबा मला म्हणायचे, "आज बाळ हसलं," त्याचा राग अजून गेलेला नाही.