पाठीतलं द्राक्षाचं पान

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगरातला अ‍ॅम्ब्रोज थ्वेट ओकच्या खुर्च्या करायचा. पाठीच्या फळीवर द्राक्षाचे वेल कोरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याची बायको हेस्टर मात्र त्या खुर्च्यांत कधी बसायची नाही, आणि त्याचं त्याला मनातून वाईट वाटायचं.

एकदा पायावर ओंडका पडला आणि अ‍ॅम्ब्रोजला दिवसभर आपल्याच खुर्चीत बसून राहावं लागलं. दुपारपर्यंत इकडून तिकडे सरकून तो वैतागला.

"पाठीत काय टोचतंय गं हे?"

"द्राक्षाचं पान," हेस्टर हसत म्हणाली. "तीस वर्षं टोचतंय. तुम्हाला आज कळलं."

अ‍ॅम्ब्रोज आधी फुगून बसला, मग त्यालाही हसू फुटलं. पाय बरा होताच त्याने नवी खुर्ची केली. सगळी नक्षी डोक्याच्या वर, पाठीच्या कमानीवर नेली. पाठ टेकायची फळी गुळगुळीत ठेवून जराशी मागे कलती बसवली.

ती न्यायला आलेला गिल्बर्ट शेतकरी बघताक्षणी कुरकुरला, "अर्ध्यावरच सोडलीस की रे! हात दुखला का?"

"आधी बसून तर बघ."

गिल्बर्ट टेकला आणि बोलता बोलता घोरायला लागला. हेस्टरने ओटची भाकरी आणि बिअर आणून ठेवली तरी त्याला जाग नाही. शेवटी अ‍ॅम्ब्रोजने त्याचा खांदा हलवला.

"काय, झाली का बघून?"

"अजून नीट बघितली नाही," म्हणत गिल्बर्टने पुन्हा डोळे मिटले.