दुनळीतला दुसरा बार

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझं बहुतेक सगळं मी बोलायच्या आधीच कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. भित्र्या माणसाला तेवढी सोय लागते.

माझ्याकडे बंदूक आहे. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला बंदूक कशाला? टिटवाळ्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी वडिलांची भातशेती होती, रानडुकरं येत, म्हणून त्यांनी परवाना काढला होता. पुढे शेत विकलं, बंदूक राहिली. वारशाने माझ्याकडे आली. एकनळी, बाराबोर. गोधड्यांच्या मागे, कुलपात असते. तिचा मला अभिमान वाटायचा की लाज, हे मी ठरवू शकलो नाही. दोन्ही वाटायचं, समोर कोण बसलंय त्यावर.

निवडणूक जाहीर झाली की आम्हा परवानाधारकांना बंदुका गावच्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथल्या बाकावर आमची दर खेपेला गाठ पडायची आणि दर खेपेला तेच भांडण व्हायचं. नाना आमच्याच गावचा, जमिनी विकून घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर गेलेला. कमरेला रिव्हॉल्व्हर, त्यावर नक्षीचं चामडी कव्हर. हत्यार बाळगणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, सरकार कोण अडवणार, असं त्याचं म्हणणं. तेविसाव्या मजल्यावर त्याच्यावर कोण चालून येणार होतं, ते त्याने कधी सांगितलं नाही.

बाळाराम तात्यांना त्याचा राग यायचा. तात्या अजून शेत कसत होते. त्यांच्याकडे दुनळी होती, दोन नळ्यांची, दस्ता हाताने गुळगुळीत झालेला.

"शेत नाय त्याला बंदूक कशाला रं?" तात्या म्हणायचे. "हळदीला नाचवाला?"

"आणि तुम्हाला कशाला, तात्या? डुकराच्या मटणाला?"

"मटणाला पण. आमच्या बापजाद्यांनी पारध केली, वाटा अख्ख्या गावाला दिला. कुत्र्याला पण वाटा होता. तुझ्या टावरमधी शेजाऱ्याला वाटीभर साखर तरी देतोस का?"

सगळे हसायचे, नानासुद्धा. मग मी बोलायचो. मी नेहमी शेवटी बोलायचो, अध्यक्षीय समारोप केल्यासारखा. नानाचा हक्क म्हणजे मिरवणूक, तात्यांची परंपरा म्हणजे रक्ताची चटक, आणि खरा बंदूकवाला तो, ज्याच्या हातात बंदूक असते आणि जो बार काढत नाही — असं माझं तिसरं मत होतं. वाक्य चांगलं होतं. मला फार आवडायचं ते.

एकदा तात्या म्हणाले, "सर, एक डाव माझ्या बांधावर उभा ऱ्हा. मग बोल."

मी म्हणालो, राहतो. भरलेली बंदूक घेऊन राहतो. आणि बार काढणार नाही. हे मी नानासमोर म्हणालो, हवालदारासमोर म्हणालो, अख्ख्या बाकासमोर म्हणालो.

त्या वर्षी डुकरांनी तात्यांचं अर्धं शेत लोळवलं होतं. त्यांनी रीतसर अर्ज केला, आणि वनखात्याने परवानगी दिली. फक्त रानडुकराची, वनरक्षकाच्या देखत. तात्यांनी बांधावर आम्हा चौघा बंदूकवाल्यांना दूर दूर उभं केलं. पोरं वरून हाकारत, डबे वाजवत येणार होती. उभं राहण्याआधी तात्यांनी रीत सांगितली. बार झाला की ते ओरडून विचारणार, "बार कुणाचा?" ज्याचा असेल त्याने तिथल्या तिथे "माझा" म्हणायचं, लागो वा चुको. कुणीच बोललं नाही तर वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाने, म्हणजे तिथे त्यांनीच, तो अंगावर घ्यायचा. रानात बेवारस बार ठेवायचा नाही. मला गंमत वाटली. मी अधूनमधून वर्तमानपत्रात लिहायचो; पुढच्या लेखात घालता येईल, असंही मनात आलं.

डब्यांचा आवाज जवळ येत गेला. हृदय कानात वाजतं, हे पुस्तकात वाचलं होतं — ते खरं आहे. झुडूप हललं. तात्यांच्या बाजूने बार झाला. त्याच क्षणी माझ्यासमोर काहीतरी तांबूस उसळलं आणि —

माझं बोट. मी काय विचार केला? काही नाही. एवढ्या वर्षांचं मत मोडायला तेवढासाही वेळ लागला नाही.

भेकर होतं, हरणाच्या जातीतलं. मादी, अंगाने लहानशी. भेकराला मारायची परवानगी नसते, कुणालाच नसते. तात्यांचं डुक्कर निसटलं होतं.

"बार कुणाचा?"

"माझा," तात्या स्वतःच म्हणाले, पहिल्या बाराबद्दल.

"दुसरा कुणाचा?"

मी खाली बघत होतो. नळी गरम होती, तरी ती मी छातीशी घट्ट धरली होती. किती वेळ गेला? एक शब्द बोलायला पुरेल एवढा, नक्की. खटल्याची भीती होती का? होती. पण खरं सांगू? पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो बाक. नाना हसताना.

वनरक्षक भेकराशी वाकला होता. तो उठून म्हणाला, "दुसरा बार कोणी काढला?"

तात्यांनी एकेकाकडे बघितलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ, की मलाच तसं वाटलं? मग म्हणाले, "दुनळी हाय ना. दोन्ही माझे."

तात्यांवर केस झाली. परवाना गेला, दुनळी ठाण्यात गेली ती परत आली नाही. मला शिकलेला साक्षीदार म्हणून विचारलं. मी तात्यांना बार काढताना पाहिलं, असं मी सांगितलं. खोटं नव्हतंच ते. अर्ध्या खऱ्याला किती घट्ट धरून बसता येतं, ते मला तेव्हा कळलं. वकील कोणी दिला, माहीत आहे? नानाने. ज्याच्याशी तात्यांचं जन्मभर पटलं नाही, त्या नानाने.

इथवर भित्रेपणा. पुढचं त्याहून वाईट आहे.

पुढच्या निवडणुकीत आम्ही पुन्हा त्याच बाकावर होतो, तात्या नव्हते. आणि मी — मला कोणी विचारलंही नव्हतं — मी म्हणालो, "बघा, परंपरा परंपरा करत होते. शेवटी भेकर मारलंच ना?"

नाना म्हणाला, "सर, तात्या भेकरावर बार काढणार नाही. कायतरी घोळ आहे." आणि चहा सांगायला उठून गेला. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत मी ते उदाहरण देत राहिलो. चांगलं उदाहरण होतं.

डुकरं येतच राहिली. तात्या डबा वाजवून राखण करत. मग डोंगराकडची खाचरं त्यांनी पडीक टाकली.

गेल्या दसऱ्याला मी त्यांच्याकडे गेलो, आपट्याची पानं घेऊन. तात्या खाटेवर झोपले होते, आता कमी ऐकू येतं. त्यांच्या बायकोने, मंजुळाकाकूंनी, पाट मांडला होता. त्यावर दर दसऱ्याला दुनळी असायची, झेंडूची माळ घातलेली. आता तिथे कोयता होता, आणि कोयत्याशेजारी एक काडतूस. न वापरलेलं, हळदकुंकू लावलेलं.

माझी नजर त्यांनी पाहिली.

"त्या दिवशीचं हाय," त्या म्हणाल्या. "दोन घेऊन गेलेले. कपडे धुवाला काढले, तर एक खिशात. तसंच भरलेलं." मग म्हणाल्या, "ह्यांचा एकच बार होता, सर. दुसऱ्याला कोणी 'माझा' बोललं नाय, म्हणून हे बोलले."

"कोणाचा होता, विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. बोलले, बोलंल तो कवातरी."

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी पाटावर आपट्याचं पान ठेवलं, सोन्यासारखे राहा म्हणालो, आणि रिक्षा पकडून टिटवाळा स्टेशनला आलो.

तात्यांनी विचारलं होतं, बार कुणाचा.

दुसरा माझा.