पाचला बंद होणारं यंत्र

प्रयोगशाळेत सगळे त्यांना दाबूनाना म्हणत. तीस वर्षं त्यांनी माती दाबण्यापलीकडे काही केलं नव्हतं. रस्त्याखालची माती नळकांड्यात ठोकून भरायची, बाहेर काढून तिच्यावर रबराची पिशवी चढवायची आणि यंत्राखाली उभी करायची. यंत्र सेकंदाला एकदा दाबणार आणि सोडणार, वरून ट्रकचं चाक जावं तसं. दाब सुटला की माती परत वर येते, पण पूर्ण येत नाही. केसभर खाली राहते ती राहतेच. पन्नास हजार दाब सोसून तिचं खचणं थांबलं, की नाना अहवालावर सही ठोकत.

पन्नास हजारांना चौदा तास लागतात आणि कचेरी सुटते पाचला. म्हणून पाचला बटण बंद, उरलेले दाब दुसऱ्या दिवशी. हा रिवाज नानांच्याही आधीचा. त्यात काही वावगं असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एके दिवशी साडेचारला लेकीचा फोन आला. बस चालवायची नोकरी तिला लागली होती, तीही नव्या बाह्यरस्त्यावर, नानांनीच पास केलेल्या. नाना असे हरखले की डबा टेबलावर विसरून घरी पळाले. यंत्र चालूच राहिलं आणि पन्नास हजार पुरे करूनच थांबलं.

सकाळी पाहतात तर त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्याची माती पोट सुटल्यासारखी फुगून खाली बसली होती. रोज बटण बंद केल्यावर मातीच्या ओलीतलं दाबलेलं पाणी रात्रभर निवांत पसरायचं, माती पुन्हा दम धरायची. तीस वर्षं त्यांनी विसावा घेतलेली माती पास केली होती. रस्त्याला विसावा कोण देतं?

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "नियमात पन्नास हजार लिहिलंय नाना. एका दमात, असं कुठं लिहिलंय?"

"पण साहेब, तो रस्ता खचणार."

"खचला की बघू. तुमचे दोन महिने राहिलेत, कशाला नसती उठाठेव?"

नानांनी वरपर्यंत तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंही आलं नाही. निवृत्तीचा आदेश तेवढा वेळेवर आला.

वर्षभरात रस्त्यावर चाकांच्या दोन घळी पडल्या. त्यात अडकून एक ट्रक आडवा झाला. नानांनी लेकीला सगळं सांगितलं, नोकरी सोड म्हणून हात जोडले.

"ही मिळवायला पाच वर्षं चपला झिजवल्या, बाबा," ती म्हणाली. "सोडून खाऊ काय? त्यापेक्षा बस कुठून काढू ते सांगा."

कडेने म्हणावं तर कडेची माती आणखी कच्ची. मधून म्हणावं तर समोरून ट्रक.

"हळू चालव," नाना म्हणाले.

हळू जाणारं चाक मातीवर जास्त वेळ टेकतं आणि तिला जास्त खचवतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बापाला दुसरं काही सुचेना.

लेक गुणाची. दुसऱ्या दिवसापासून चाळीस माणसं घेऊन ती त्या घळींमधून अगदी हळू जाऊ लागली.