आहे तोच रुंद करा

फाटकातून गाडी मागे घेताना मी आरशात बघतो. त्या दिवशीही बघितलं. पण आरसा जरा वाकडा होता, त्यात माझंच वाढत चाललेलं कपाळ दिसलं आणि मी तिथेच अडकलो. गाडी तशीच रस्ता ओलांडून समोरच्या पंक्चरच्या दुकानापुढे गेली आणि रस्तामोजणीवाल्यांनी रोवलेला दगड तिने आडवा केला.

"कोण धडकलं गं?" दुकानाला लागून असलेल्या खोलीतून दादांचा आवाज आला.

"समोरचे भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"मग असू दे. मला वाटलं, कुणी ड्रायव्हर आहे."

दादांनी जन्मभर ट्रक चालवला. कंबरेखालचं अंग गेलं तेव्हापासून खिडकीशी खाटेवर पडून असतात. येणारी गाडी भरलेली की रिकामी, हे डोळे मिटून सांगतात. दुकान वहिनींनी हाती घेतलं. सुरुवातीला एखादा ट्रकवाला विचारायचा, "दादा नाहीत का?" त्या म्हणायच्या, "आत आहेत. चाक बाहेर आहे ना? मग माझ्याशी बोला."

मध्यंतरी टेकडीपलीकडून नवा महामार्ग न्यायचं घाटत होतं. तो झाला असता तर इकडे कुत्रंही फिरकलं नसतं. 'नवा कशाला, आहे तोच रुंद करा' ही घोषणा माझी, घसा वहिनींचा. टायरवर उभ्या राहून त्या अशा ओरडल्या, की माझं भाषण कुणालाच ऐकू गेलं नाही. वरच्यांनी मात्र ऐकलं. आमचं एवढं ऐकण्याची त्यांना सवय नव्हती, आम्हालाही नव्हती.

रस्ता रुंद होणार, पण एकाच बाजूने. दगडावरचा बाण वहिनींच्या घरात शिरत होता. दुकान जाणार, दादांची खोली जाणार. उरणार मागचं स्वयंपाकघर. त्याच्या खिडकीसमोर गोदामाची भिंत.

मी ओशाळून दगड उभा केला. वहिनींनी तो धरला, मी माती लोटली. आपलंच घर खाणारा दगड सरळ उभा आहे ना, हे त्या मान तिरकी करून बघत होत्या.

"पैसे मिळतील म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने. "दुसरीकडे जागाही मिळेल. पण रस्त्यालगत नाही. मग ह्यांनी दिवसभर ऐकायचं काय?"

"सांगितलंस का त्यांना?" माझ्या तोंडून एकेरी निसटलं.

"ते खाट जरा पुढे सरकव म्हणतात. खिडकीतून नीट दिसत नाही म्हणे."

आत दादा म्हणाले, "रिकामा चाललाय." एक ट्रक खडखडत गेला.

मला राहवेना. "वहिनी, असं गप्प बसून चालणार नाही. पुन्हा सगळे उठू. रस्ता जरा पलीकडे सरकवा म्हणून मी स्वतः भाषण ठोकतो."

वहिनींनी दगडाभोवतीची माती टाचेने दाबली.

"पलीकडे तुमचं घर आहे, भाऊजी."