नारिंगी तार

पस्तीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाने दोन आठवड्यांत दोन डीकोडर जाळले, तेही खेळण्यातल्या इंजिनाचे! त्याच्या बायकोला हसावं की रडावं तेच कळेना. बरं, इंजिन घरचं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते होतं निवृत्त हेडमास्तरांचं. तुमच्या हातात दिलं म्हणजे मी निर्धास्त, असं म्हणून मास्तर ते वीतभर इंजिन कापसात गुंडाळून ठेवून गेले होते. आता रोज सकाळी फिरायला जाताना ते दारातून विचारत, झालं का? आणि हा आतून ओरडे, होतंय, होतंय. आयुष्यभर कमावलेलं नाव त्या खेळण्यापायी मातीत जायची वेळ आली होती.

बायको शिवणकाम करायची. तिचं मशीन खिडकीशी, त्याचं टेबल भिंतीशी, त्यामुळे त्याची सगळी कुरकुर तिच्याच कानांवर. कधी मोटर जुनी, कधी सोल्डर हलकं, कधी डीकोडर बनवणाराच गाढव. डीकोडर म्हणजे इंजिनाच्या पोटातली नखाएवढी पाटी. रिमोटचा हुकूम ऐकायचा आणि मोटरला हवी तेवढीच वीज सोडायची, हे तिचं काम. लाल आणि काळी तार रुळांकडून वीज आणतात, नारिंगी आणि करडी ती मोटरला देतात. रुळांची वीज चुकून मोटरच्या तारेत शिरली की पाटीचा धूर. हे बायकोला आता तोंडपाठ झालं होतं, कारण तो रोज तेच बडबडायचा आणि तरी धूर निघायचाच. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती दोनदा मनात आणि एकदा मोठ्याने म्हणाली. त्यावर स्वारी दिवसभर फुगून बसली.

तिसरा डीकोडर आणला तेव्हा दुकानदाराने बजावलं, या जुन्या इंजिनात बसणारा हा शेवटचाच. मग मात्र त्याने तिला दिवा धरायला बोलावलं. हातातला ब्लाउज टाकून ती आठ्या घालतच उठली. त्याने चिमट्यात एक तार धरली आणि रुळांची वीज घेणाऱ्या पट्टीकडे नेली.

"अहो, ती नारिंगी आहे."

"लाल आहे. पस्तीस वर्षं तारा ओढतोय, तू मला लाल शिकवू नकोस."

आता तिचं डोकंच फिरलं. उभा जन्म दोऱ्यांत गेलेल्या बाईला हा रंग शिकवणार! तिने रिळांचा डबा आणून त्याच्यापुढे आपटला आणि लाल रीळ काढा म्हणून फर्मावलं. त्याने तोऱ्यात नारिंगी काढलं. काळं मागितलं, तर गडद हिरवं दिलं. एरवी भांडण जिंकल्यावर ती चार दिवस खुशीत असायची. आज तिने ती दोन्ही रिळं उजेडात धरून पुन्हा पाहिली.

कधीपासून, तिने विचारलं. त्याने आधी दिव्याला नावं ठेवली, मग चष्म्याला. शेवटी कबूल केलं, सहा-सात महिने झाले असतील, सगळं पिवळट आणि धुरकट दिसतं. रंग न कळणाऱ्या वायरमनला दारात कोण उभं करणार, म्हणून बोलला नाही. ती भडकलीच. दाताचं दुखणं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, डोळ्यांनी काय पाप केलं होतं? एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस चिमटा उचलून म्हणाला, रंग तूच सांग.

मग ती रंग सांगत गेली आणि तो जोडत गेला. हात अजून पक्का होता. इंजिन रुळावर ठेवलं, तर पुढचा दिवा लावून झोकात निघालं. सुटलो एकदाचे, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, असं पुटपुटत ती मशीनकडे वळली. त्याचं इंजिनाकडे लक्षच नव्हतं. तो हातातल्या टेस्टरकडे बघत बसला होता.

"टेस्टर लाल तार पकडतो," तो म्हणाला. "पण काळी आणि हिरवी, दोन्ही गप्प असतात."

तिला अर्थ लागेना. त्याने सावकाश सांगितलं. घराच्या वायरिंगमध्ये काळी तार वीज परत नेणारी, हिरवी अर्थिंगची. त्या दोन्ही उलटसुलट झाल्या तरी दिवे लागतात, पंखे फिरतात, कुणाला पत्ता लागत नाही. पण एखाद्या दिवशी वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरतो आणि ओल्या हाताने कुणीतरी त्याला शिवतं. सात महिन्यांत केलेलं प्रत्येक घर पुन्हा उघडून बघायला हवं. रंग तिने सांगायचे.

"आणि लोकांना काय सांगणार?"

"मला दिसत नाही म्हणून सांगणार."

तिने मापांची वही ओढली, कोरं पान काढलं आणि पहिलं घर कुणाचं ते विचारलं.

"आपल्या लेकीचं," तो म्हणाला. "गिझर मीच लावलाय."

वही तिथेच टाकून तिने फोन उचलला.